भिंत कोणाची, रंग कोणाचा?

ज्यांच्या मालकीचे वर्तमानपत्र नसते, त्यांचे वर्तमानपत्र म्हणजे भिंत. रात्र रात्र जागून चुन्यावर निळीने अक्षरे काढणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना हे वेगळे शिकवावे लागत नाही. दक्षिण अमेरिकेतील चिली देशाच्या वालपारायसो या बंदरात फिरताना आम्हाला त्यांची पदोपदी आठवण झाली.

पॅसिफिक महासागराच्या काठी चाळीसहून अधिक टेकड्यांवर हे शहर वसले आहे. पत्रे ठोकलेली घरे लाल, पिवळी, निळी, हिरवी. चढ चढायला रुळांवरून वर सरकणारे डबे. त्यातला पहिला १८८३ सालचा. १९१४ साली पनामा कालवा सुरू झाला, जहाजांनी वाट बदलली आणि बंदराची भरभराट ओसरली. २००३ साली युनेस्कोने शहराचा जुना भाग जागतिक वारसा ठरवला.

इथे जिने, कठडे, गल्लीबोळ सगळे चित्रांनी भरलेले. बेलाविस्ता टेकडीवर तर २० भित्तिचित्रांचे उघड्या आभाळाखालचे संग्रहालयच आहे. फ्रान्सिस्को मेंदेस या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना घेऊन १९६९ मध्ये या भिंती रंगवायला घेतल्या. संग्रहालय खुले व्हायला मात्र १९९२ उजाडले. मधल्या काळात काय घडले, हे जाणल्याशिवाय या भिंती कळणार नाहीत.

१९६८ साली चिलीतील कम्युनिस्ट तरुणांनी रामोना पार्रा ब्रिगेड उभी केली. रामोना ही १९४६ साली सान्तियागोत निदर्शकांवर झालेल्या पोलीस गोळीबारात मारली गेलेली तरुण कार्यकर्ती. ब्रिगेडची रीत साधी. एकाने रेषा मारायच्या, दुसऱ्याने अक्षरांत रंग भरायचा, तिसऱ्याने मागची भिंत रंगवायची आणि पोलीस येण्याआत पसार व्हायचे. चित्राखाली कोणा एकाची सही नाही. १९६९ साली व्हिएतनाम युद्धाविरुद्ध वालपारायसो ते सान्तियागो मोर्चा निघाला, तेव्हा ही मुले वाटेतल्या भिंती रंगवत गेली.

११ सप्टेंबर १९७३ च्या पहाटे नौदलाने वालपारायसो ताब्यात घेतले. त्याच दिवशी लष्कराने आयेंदे यांचे लोकनिर्वाचित सरकार उलथवले. पिनोशेच्या राजवटीने भिंतींवर रंग फासून चित्रे पुसली. हाती बंदुका असणाऱ्यांना चित्रांची एवढी भीती का वाटावी? सान्तियागोच्या ला ग्रान्खा भागात रोबेर्तो मात्ता या नामवंत चित्रकाराने १९७१ साली ब्रिगेडच्या पोरांसोबत काढलेले चित्रही असेच रंगाखाली गाडले गेले. हुकूमशाही १९९० साली गेली. थरावर थर खरवडून ते चित्र २००८ साली पुन्हा लोकांसमोर आले.

आज या शहराच्या भिंतींना बाजाराचा धोका आहे. अलेग्रे आणि कोन्सेप्सिओन टेकड्यांवर हॉटेले आणि कॅफे यांची गर्दी आहे. चित्रे त्यांच्या शोभेला. त्याच शहराच्या माथ्यावरच्या गरीब वस्त्या एप्रिल २०१४ च्या आगीत जळाल्या. १५ माणसे दगावली, अडीच हजारांहून अधिक घरे राख झाली. खालच्या रंगीत भिंतींचे फोटो काढणाऱ्या किती जणांचे पाय तिथवर वळतात?

मित्रहो, रंगीत भिंत दिसली की फोटो जरूर काढावा. पण आधी विचारावे, ही भिंत कोणाची? आणि हिच्यावर पूर्वी जे लिहिले होते, ते कोणी पुसले? आपल्या वस्तीतल्या भिंतीपुढे उभे राहूनही हेच विचारायचे आहे.