आधी पाहणी, मग उद्दिष्ट, नंतर धाव

संकट ओढवले की माणूस प्रथम धावतो. कोणी पाण्याची बादली घेऊन, कोणी दूरध्वनीकडे, तर कोणी नुसताच इकडून तिकडे. मदतीची ही ओढ स्वाभाविक आहे आणि कौतुकास्पदही आहे. परंतु कोठे धावायचे आणि काय साधायचे हे ठरलेले नसेल, तर शंभर हातही एकमेकांत अडकतात. आग, महापूर, चक्रीवादळ, भूस्खलन अशा अनेक आपत्तींच्या अनुभवातून आपत्ती व्यवस्थापनाने एक साधा क्रम निश्चित केला आहे. प्रथम घटनेचे मोजमाप करावे, मग एका वाक्यात सांगता येईल असे उद्दिष्ट ठरवावे आणि त्यानंतरच कृती करावी. या क्रमाला किती महत्त्व आहे, हे काही घटनांच्या आधारे पाहण्यासारखे आहे.

वणव्याने दिलेला धडा

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९७० च्या शरद ऋतूत भीषण वणवे पेटले. अवघ्या १३ दिवसांत १६ माणसे दगावली, ७०० इमारती जळाल्या आणि पाच लाख एकरांहून अधिक प्रदेश खाक झाला. मनुष्यबळ आणि अग्निशामक बंब यांची तेथे वानवा नव्हती. उणीव निघाली ती वेगळीच. निरनिराळ्या यंत्रणांचे जवान एकाच वस्तूला वेगवेगळ्या नावांनी ओळखत, त्यांची संदेशयंत्रे परस्परांशी जुळत नसत आणि अंतिम आदेश कोणाचा मानायचा हेही स्पष्ट नसे.

या अनुभवातून ‘इन्सिडंट कमांड सिस्टिम’ ही पद्धती आकाराला आली. घटनास्थळी नेतृत्वाची सूत्रे निश्चित असावीत, सर्वांची परिभाषा एक असावी आणि ठरावीक कालावधीसाठी उद्दिष्टे आखून सर्वांनी त्यानुसारच काम करावे, ही तिची मूलतत्त्वे होत. उद्दिष्टांचा अग्रक्रमही तिने घालून दिला. सर्वप्रथम जीवितरक्षण, त्यानंतर संकटाचा फैलाव रोखणे आणि शेवटी मालमत्तेचे रक्षण. जीवितरक्षणात मदतीस धावलेल्यांचे प्राणही धरलेले आहेत, हे विशेष.

उद्दिष्ट आणि सदिच्छा यांतील भेदही येथे ध्यानात घ्यावा लागतो. ‘पूरग्रस्तांना सर्वतोपरी साहाय्य करावे’ ही सदिच्छा झाली. ‘सायंकाळी सहापूर्वी नदीकाठच्या तिन्ही वाड्यांतील सर्व कुटुंबे शाळेच्या इमारतीत हलवावीत’ हे उद्दिष्ट झाले. सहा वाजता ते साध्य झाले की नाही, हे कोणालाही सांगता येते. वाडीवर कोणी जायचे, नावा किती लागतील, शाळेत दिव्यांची सोय आहे काय, हे पुढचे सारे प्रश्न त्या एका वाक्यातून आपोआप उभे राहतात.

एका खिडकीतून दिसणारा पाऊस

उद्दिष्ट अचूक ठरायचे तर घटनेचे मोजमाप अचूक हवे. या बाबतीत मुंबईकरांच्या स्मरणातून २६ जुलै २००५ हा दिवस पुसला जाणे शक्य नाही. त्या दिवशीच्या पावसाची सांताक्रूझ येथील नोंद २४ तासांत ९४४ मिलिमीटर इतकी झाली. त्याच शहराच्या दक्षिण टोकाला, कुलाब्यात, ती जेमतेम ७३ मिलिमीटर होती. दक्षिण मुंबईतील कार्यालयाच्या खिडकीतून पाहणाऱ्याला तो पावसाळ्यातील नेहमीचाच एक दिवस वाटावा आणि त्याच वेळी उपनगरांत मिठी नदीचे पाणी घराघरांत शिरावे, असा तो प्रकार होता. हजारो नोकरदार नेहमीप्रमाणे घराकडे निघाले आणि वाटेत अडकले. शहरात चारशेहून अधिक लोकांना प्राण गमवावे लागले.

आपल्या डोळ्यांना दिसते तेवढेच संकट, असे मानणे ही मोजमापातील सर्वांत सामान्य आणि सर्वांत महाग चूक होय. पुढे महापालिकेने शहरात ठिकठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापक केंद्रे उभारली, ती याच जाणिवेतून. घटनेचे मूल्यमापन करणाऱ्याने स्वतःला काही ठरावीक प्रश्न विचारावे लागतात. नेमके काय घडले आहे आणि कोठवर पसरले आहे? किती जीव धोक्यात आहेत? संकट वाढते आहे की ओसरते आहे? हाताशी साधने कोणती आणि आणखी कोणती, किती वेळात पोहोचू शकतील? यांपैकी एखाद्या प्रश्नाचे उत्तर ‘माहीत नाही’ असे आले, तर ते मिळविणे हेच पहिले काम ठरते.

ओडिशाने ठरविलेला आकडा

स्पष्ट उद्दिष्टाने काय घडू शकते, याचे बोलके उदाहरण ओडिशात आढळते. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी महाचक्रीवादळ पारादीपजवळ किनाऱ्यावर आदळले. ताशी २५० किलोमीटरहून अधिक वेगाचे वारे आणि समुद्राची उंच लाट यांनी जगतसिंगपूर जिल्ह्यातील गावेच्या गावे धुऊन नेली. सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. वादळाची पूर्वसूचना मिळालेली होती. पण लोकांना न्यायचे कोठे, कोणी आणि कोणत्या मार्गाने, याची पुरेशी सिद्धता नव्हती, आणि आश्रयाला भक्कम इमारतीही मोजक्याच होत्या.

त्याच वर्षाच्या अखेरीस राज्याने आपत्ती व्यवस्थापनासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केले. किनाऱ्यावर चक्रीवादळ निवारे बांधले गेले, गावोगावी स्वयंसेवक तयार झाले आणि प्रत्येक वादळासाठी एकच लक्ष्य समोर ठेवले जाऊ लागले. एकही मृत्यू होऊ द्यायचा नाही.

१२ ऑक्टोबर २०१३ रोजी ‘फायलिन’ हे अतितीव्र चक्रीवादळ गोपाळपूरजवळ धडकले, तेव्हा या लक्ष्याची कसोटी लागली. हवामान खात्याचा अंदाज हाती येताच शासनाने कर्मचाऱ्यांच्या सणाच्या सुट्या रद्द केल्या आणि सुमारे दहा लाख लोकांना सुरक्षित स्थळी नेले. घरे कोसळली, पिके आडवी झाली, विजेचे खांब उन्मळून पडले. राज्यातील मृतांची संख्या मात्र, वादळानंतरच्या पुरासह, पन्नासच्या आत राहिली. ३ मे २०१९ रोजी पुरीजवळ आलेल्या ‘फणी’ वादळाच्या वेळी तर बारा लाखांहून अधिक लोकांचे स्थलांतर झाले आणि प्रसूती जवळ आलेल्या स्त्रियांना आधीच रुग्णालयांत हलविण्यात आले. तेव्हाही साठांहून अधिक जण दगावले.

म्हणजे शून्याचे लक्ष्य दोन्ही वेळा पूर्णतः साध्य झाले नाही. परंतु ‘शक्य तितके जीव वाचवू’ असे म्हणणाऱ्याला शेवटच्या झोपडीपर्यंत जाण्याची निकड वाटतेच असे नाही. ‘एकही जीव जाऊ देणार नाही’ असे म्हटले की ती शेवटची झोपडी, त्यातील अंथरुणाला खिळलेली वृद्धा आणि घर सोडण्यास नकार देणारा मच्छीमार हे सारे यादीत येतात. दहा हजार आणि साठ या दोन आकड्यांमधील अंतर या यादीने, निवाऱ्यांनी आणि अचूक पूर्वसूचनेने मिळून कापले आहे.

सतरा दिवस आणि ४१ प्राण

उत्तराखंडातील सिल्कियारा बोगद्याची घटना अनेकांच्या स्मरणात असेल. १२ नोव्हेंबर २०२३ रोजी, ऐन दिवाळीच्या पहाटे, यमुनोत्री महामार्गावरील या बांधकामाधीन बोगद्याचा काही भाग खचला आणि आत ४१ कामगार अडकले. ते आणि बाहेरचे जग यांच्यामध्ये सुमारे साठ मीटर जाडीचा राडारोडा होता.

येथे मोजमापाने पुढील साऱ्या निर्णयांची दिशा ठरविली. बोगद्यात आधीपासून असलेल्या चार इंची नळीतून संपर्क साधला गेला आणि सर्व कामगार सुखरूप असल्याचे कळले. आत सुमारे दोन किलोमीटर लांबीची मोकळी जागा होती, वीज होती आणि पाणीही होते. याचा अर्थ असा की, नळीतून हवा आणि अन्न पोहोचत राहिले तर हाती काही मिनिटे नसून काही दिवस होते. त्यामुळे उद्दिष्टेही दोन ठरली. सर्वांना जिवंत बाहेर काढणे हे पहिले आणि तोवर त्यांचे शरीर व मन सांभाळणे हे दुसरे. प्रथम सुका खाऊ आणि प्राणवायू, मग २० नोव्हेंबरला सहा इंची नळी पार झाल्यावर बाटल्यांतून गरम खिचडी, पाठोपाठ कॅमेरा, डॉक्टरांचा सल्ला आणि घरच्यांचे बोल आत पोहोचू लागले.

बाहेर मात्र एकामागून एक उपाय निष्फळ ठरत होते. पहिले छिद्रण यंत्र अपुरे पडले. हवाई दलाच्या विमानाने आणलेले दुसरे, अधिक शक्तिशाली ‘ऑगर’ यंत्र १७ नोव्हेंबरला थांबवावे लागले, कारण तडकल्यासारखा मोठा आवाज झाला आणि आणखी भाग कोसळण्याची भीती निर्माण झाली. बचावपथकांचे प्राण पणाला लावून घाई करायची नाही, हा अग्रक्रम येथे पाळला गेला. यानंतर एका मार्गावर विसंबून न राहता डोंगराच्या माथ्यावरून, दुसऱ्या टोकाकडून असे अनेक मार्ग एकाच वेळी हाती घेण्यात आले आणि प्रत्येकाची जबाबदारी स्वतंत्र संस्थेकडे सोपविण्यात आली. पुढे ऑगरची पातीही ढिगाऱ्यातील लोखंडात अडकून तुटली. अखेरचे दहा-बारा मीटर खणले ते ‘रॅट होल’ पद्धतीच्या खाणकामात तरबेज असलेल्या कामगारांनी, अरुंद नळीत शिरून, हातातील अवजारांनी. २८ नोव्हेंबरच्या सायंकाळी ४१ ही जण बाहेर आले.

सतरा दिवसांत साधने बदलली, मार्ग बदलले, अंदाजित वेळा तर अनेकदा बदलल्या. उद्दिष्ट मात्र पहिल्या दिवसापासून अखेरपर्यंत तेच राहिले. अद्ययावत यंत्र थांबले तेव्हा हाताने खणण्यात कोणाला कमीपणा वाटला नाही, कारण यंत्र चालविणे हे कोणाचेच उद्दिष्ट नव्हते.

आपल्याकडील चौकट

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ मध्ये संमत झाला. त्यानुसार स्थापन झालेल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये ‘इन्सिडंट रिस्पॉन्स सिस्टिम’ची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. कॅलिफोर्नियातील पद्धतीला भारतीय प्रशासनाच्या रचनेत बसविण्याचा हा प्रयत्न होय. राज्य पातळीवर मुख्य सचिव आणि जिल्हा पातळीवर जिल्हाधिकारी हे जबाबदार अधिकारी ठरतात. प्रत्यक्ष कार्य, नियोजन आणि साधनसामग्रीचा पुरवठा या तीन शाखा आणि त्यांच्यावर एक घटना-प्रमुख, अशी ही रचना आहे. कोणाचे काम कोणते, हे संकट येण्यापूर्वीच ठरलेले असावे, हा तिचा गाभा आहे.

शाखेच्या दारात

हाच क्रम बँकेच्या एखाद्या लहानशा शाखेलाही लागू पडतो. महिन्याचा पहिला आठवडा आहे, निवृत्तिवेतनधारक ज्येष्ठांची गर्दी आहे आणि विजेच्या फलकातून धूर येऊ लागला आहे, अशी कल्पना करावी. त्या क्षणी रोखपालाचे लक्ष साहजिकच रोकडीकडे, तर अधिकाऱ्याचे कागदपत्रांकडे जाते. परंतु आजच्या बँकिंगमध्ये खात्यांची माहिती शाखेबाहेरील केंद्रांत सुरक्षित असते आणि जळालेला कागद बहुधा पुन्हा तयार करता येतो. गेलेला जीव परत आणता येत नाही. अग्रक्रम यावरूनच ठरतो.

येथील मोजमापाचे प्रश्नही मोजकेच आहेत. सभागृहात अंदाजे किती ग्राहक आहेत? आधाराशिवाय चालू न शकणारे कोण आहे? लॉकर कक्षात कोणी आत आहे काय? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लॉकरच्या नोंदवहीत मिळते, आणि म्हणूनच येण्या-जाण्याची वेळ तीत काटेकोरपणे लिहिणे ही केवळ औपचारिकता राहत नाही. यानंतरचे उद्दिष्ट एका वाक्यात मावते. ‘पाच मिनिटांत सर्वजण बाहेर आणि मोकळ्या जागेत शिरगणती.’

शाखेत आणि घरी लक्षात ठेवावे असे

• सूचना देणारी व्यक्ती एकच असावी. ती अनुपस्थित असल्यास कोण, हेही आधीच ठरलेले असावे.

• अग्निशमन दलाला १०१ किंवा आपत्कालीन साहाय्यासाठी ११२ या क्रमांकावर कळविताना पत्ता, मजला आणि अडकलेल्यांची संख्या सांगावी.

• विजेच्या आगीवर पाणी टाकू नये. धोका नसल्यास मुख्य कळ बंद करावी आणि योग्य प्रकारचे अग्निशामक वापरावे.

• बाहेर पडल्यावर एकत्र जमण्याची जागा सर्वांना ठाऊक असावी. कोण आले नाही, हे तेथेच समजते.

• परिस्थिती पालटली की मोजमाप पुन्हा करावे आणि त्यानुसार मार्ग बदलावा.

संकटाच्या वेळी विचार करण्यास उसंत नसते, असे म्हटले जाते. ते खरेही आहे, आणि म्हणूनच हा विचार शांततेच्या काळात करून ठेवावा लागतो. शाखेतील पुढील अग्निशमन सराव हा केवळ स्वाक्षरीपुरता उपचार न ठरता घड्याळ लावून, लॉकर कक्षापासून दारापर्यंत प्रत्यक्ष चालून व्हावा. त्या दिवशी पाचाऐवजी आठ मिनिटे लागली, तर उरलेली तीन मिनिटे कोठे गेली याचा शोध घेण्यास तेव्हा पुरेसा अवधी असेल.