टायमिंग बेल्टचा ताण : अंगठ्याचा अंदाज पुरेसा नाही

मोटारीचे इंजिन हा आमचा धंदा नव्हे. आम्ही वर्सोव्यात राहणारे कापडवाले. परंतु माल नेण्या-आणण्यासाठी ज्यांच्या दारी जुनी मारुती ओम्नी उभी आहे, त्या प्रत्येक व्यापाऱ्याला इंजिनाची एक गोष्ट ठाऊक असावी, असे आम्हांस नुकसान सोसून कळले. आमच्या वाचकांत गॅरेजवाले बंधूही पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठीही हे लिहीत आहोत.

लग्नसराईचे दिवस होते. भिवंडीहून माल घेऊन येताना आमची ओम्नी जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर एकाएकी बंद पडली. पेट्रोल होते, बॅटरी चांगली होती. चावी फिरवली की स्टार्टर नेहमीपेक्षा हलका फिरे, पण इंजिन पकडत नसे. गाडी ओढून आणावी लागली. ज्यांना त्या दिवशी माल द्यायचा होता, त्यांनी तो दुसरीकडून घेतला. उघडून पाहिले तर टायमिंग बेल्ट फाटलेला. चारच महिन्यांपूर्वी नवा घातला होता! ज्या पोराने तो बसवला होता, तो शपथेवर सांगू लागला की माल डुप्लिकेट निघाला. एका बुजुर्ग उस्तादांनी बेल्ट व टेन्शनर हातात घेऊन पाहिले आणि म्हणाले, "बेल्टची चूक नाही. पहारीने ओढून बसवलाय. आधी बेअरिंग गेले, मग त्याने बेल्ट खाल्ला."

बेल्टचे काम काय ते आधी पाहू. इंजिनात खाली क्रँक फिरतो, वर कॅम. कॅम व्हॉल्व्ह उघडतो व मिटतो. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक फेरा पुरा व्हावा लागतो, आणि तोही नेमक्या वेळी. ही सांगड घालणारा दातेरी रबरी पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट. त्याच्या पोटात काचतंतूंच्या दोऱ्या असतात. मुंबईच्या जुन्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीत हे काम साखळीकडे होते. मोठ्या प्रमाणावर बनणाऱ्या मोटारीत रबरी टायमिंग बेल्ट प्रथम 1962 साली जर्मनीच्या ग्लास कंपनीने आणला. आपल्याकडे तो घरोघरी पोहोचला तो डिसेंबर 1983 मध्ये आलेल्या मारुती 800 मुळे. तिचेच 796 सीसीचे इंजिन ओम्नीलाही होते. ओम्नीचे उत्पादन 2019 साली थांबले, पण या गाड्या आजही माल वाहताना दिसतात. मारुतीने पुढे काढलेल्या के-सिरीजच्या इंजिनांत पुन्हा साखळीच आली. म्हणून आपल्या गाडीत काय आहे, हे आधी विचारून घ्यावे.

आता ताणाचा मुद्दा. हातमाग-यंत्रमागावर काम केलेल्या बंधूंना तो चटकन समजेल. ताणा ढिला राहिला तर कापड झोल खाते, जास्त ओढला तर धागे तुटतात. बेल्टचेही तसेच. ढिला असला तर दात निसटतो आणि व्हॉल्व्हची वेळ चुकते. मग गाडी ओढत नाही किंवा बंदच पडते. काही इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि मोठे काम निघते. उलट, बेल्ट फार कडक असला तर टेन्शनरचे बेअरिंग झिजते. जिथे वॉटर पंपही याच बेल्टवर चालतो, तिथे पंपाचेही बेअरिंग जाते. अशा वेळी बहुधा वेगाबरोबर चढणारा बारीक शिटीसारखा आवाज येतो. आमच्या गाडीतून तो महिनाभर येत होता. आम्ही रेडिओचा आवाज वाढवला, ही आमची चूक.

खरी गफलत कुठे होते? बाहेरचा फॅन बेल्ट अंगठ्याने दाबून पाहण्याची रीत आहे. तो थोडा घसरला तर फार तर किंचाळतो. हीच रीत काही जण टायमिंग बेल्टला लावतात आणि "कडक असलेला बरा" म्हणून टेन्शनर पहारीने रेटतात. पण सुझुकीच्या या इंजिनांत टेन्शनरला स्प्रिंग दिलेली आहे. ताण स्प्रिंगने ठरवायचा, मनगटाने नाही.

योग्य पद्धत अशी. इंजिन पूर्ण थंड असावे, कारण गरम इंजिन फुगते आणि बेल्ट आहे त्याहून कडक भासतो. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडावी, गाडी न्यूट्रलवर ठेवून हँडब्रेक लावावा, स्पार्क प्लग काढावेत, म्हणजे इंजिन हाताने फिरते. टॅपेटचे स्क्रू पूर्ण ढिले करावेत. ही पायरी पुष्कळ जण गाळतात. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांचा दाब कॅमवर राहिला तर तो मोकळा फिरत नाही, आणि टेन्शनरची स्प्रिंग बेल्टला बरोबर ओढू शकत नाही. मग क्रँक व कॅमच्या पुलीवरील खुणा इंजिनावरील खुणांशी जुळवून बेल्ट चढवावा. टेन्शनरचे बोल्ट ढिले ठेवून क्रँक पान्याने त्याच्या नेहमीच्या दिशेने दोन पूर्ण फेरे फिरवावा. उलटा फिरवू नये. त्यामुळे बेल्टमधला झोल निघतो व स्प्रिंग आपले काम करते. त्यानंतरच कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या क्रमाने व जोराने टॉर्क रेंचने बोल्ट आवळावेत. पुन्हा दोन फेरे देऊन खुणा तपासाव्यात. एका दाताचाही फरक दिसला तर काम पहिल्यापासून करावे. शेवटी टॅपेट सेट करावेत.

लांब बाजूचा बेल्ट दोन बोटांत धरून पाव वळण फिरतो का, हे पाहण्याची जुनी सवय आहे. ती अंदाजापुरती ठीक, पण पुस्तकाची जागा तिने घेऊ नये. काही नव्या गाड्यांत टेन्शनरवर काटा असतो. काही ठिकाणी बेल्टला टिचकी मारून त्याची कंपने यंत्राने मोजतात. ज्या गाडीची जी रीत, तीच पाळावी.

बेल्ट दुमडू नये, त्याला तेल लागू देऊ नये. तेल गळत असेल तर आधी सील बदलावे. बेल्टसोबत टेन्शनरचे बेअरिंग व स्प्रिंगही पाहावी. आमच्याकडे समुद्राची खारी हवा आणि पावसाळ्यात अंधेरीच्या सबवेत तुंबणारे पाणी, त्यामुळे स्प्रिंग गंजते. बेल्टवरचे प्लास्टिकचे झाकण फुटले असेल तर तसेच चालवू नये.

व्यापारी बंधूंनी एवढेच करावे. बेल्ट बदलल्याची तारीख व किलोमीटर लिहून ठेवावे. किलोमीटर किंवा वर्षे, पुस्तकातली जी मुदत आधी भरेल ती धरावी. जुना बेल्ट मागून घ्यावा. आणि "टॅपेट ढिले केले होते का? दोन फेरे दिले का?" एवढे दोन प्रश्न विचारावेत.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्या पोराकडे मजुरीसाठी आम्हीच घासाघीस केली होती आणि तासाभरात गाडी हवी म्हणून घाईही आमचीच होती. टॅपेट ढिले करून पुन्हा सेट करायला वेळ लागतो, आणि त्या वेळेचे दाम आम्ही देत नव्हतो. तो पोर आता उस्तादांच्या हाताखाली शिकतो आहे. आमची गाडी आजही तोच पाहतो. तो सांगेल तेवढा वेळ आम्ही थांबतो, आणि मागेल ती वाजवी मजुरी देतो.