टपावर काय, पोटात काय : जुन्या फोक्सवागन कँपरची सामान-मांडणी

फोक्सवागनची ‘टाइप २’ व्हॅन १९५० साली जर्मनीत बनू लागली आणि पुढच्याच वर्षी वेस्टफालिया या कंपनीने तिच्यात झोपण्या-राहण्याचे सामान बसवायला सुरुवात केली. या गाडीची लांबी साडेचार मीटरच्या आतबाहेर आणि पुढच्या-मागच्या आसांमधले अंतर २.४ मीटर. एवढ्यात बिछाना, स्वयंपाकाचा कट्टा, पाण्याची टाकी आणि कपड्यांचे कपाट बसवले की प्रवासाच्या सामानाला जागा उरत नाही, आणि ते टपावर चढते. टप मात्र या गाडीतली सगळ्यात नाजूक जागा आहे.

या गाडीला टपाच्या दोन्ही कडांनी पत्र्याची अरुंद पन्हळ असते. पावसाचे पाणी वाहून नेणे हे तिचे काम. कॅरिअरचे पाय याच पन्हळीत उभे राहतात आणि खालून येणारा आकडा तिची कड घट्ट धरतो. म्हणजे टपावरचा सगळा भार टपावर नसतोच, तो या दोन बारीक पट्ट्यांवर असतो. टपाचा पत्रा आणि बाजूचा पत्रा इथेच एकमेकांना स्पॉट वेल्डिंगने जोडलेले असतात. त्या सांध्यातले सीलंट पन्नास वर्षांत सुकून तडकते, पाणी आत मुरते आणि गंज आतून बाहेर येतो. म्हणून कॅरिअर विकत घेण्याआधी पन्हळ पूर्ण लांबीभर तपासावी. रंगाखाली फुगवटे दिसले, तर तिथला पत्रा संपत आलेला असतो. लोहचुंबक फिरवून पाहावा. तो जिथे चिकटत नाही, तिथे रंगाखाली पुट्टी भरलेली आहे. पुट्टीवर कॅरिअर उभा करू नये. आधी पत्रा कापून नवा जोडावा, मग पुढचे.

जुन्या धाटणीचे कॅरिअर लोखंडी चौकटीचे आणि लाकडी पट्ट्यांचे असतात. दिसायला ते गाडीला शोभतात, आणि कामालाही चांगले आहेत. फक्त लाकडाला दरवर्षी तेल किंवा वॉर्निश लागते. पाय बसवताना पन्हळ आणि लोखंड यांच्यामध्ये रबर घालावे, नाहीतर हादऱ्यांनी रंग घासला जातो आणि गंजाला वाट मिळते. मात्र रबराचा तुकडा पन्हळ बुजवेल इतका रुंद नको. पाणी वाहिले पाहिजे. सगळे बोल्ट थोडेथोडे करत आळीपाळीने आवळावेत. पहिल्या काही किलोमीटरनंतर रबर दबते, तेव्हा ते पुन्हा आवळावे लागतात. टप मधोमध किंचित उचललेला असतो आणि पट्ट्या सरळ, त्यामुळे भार पडल्यावर पट्टी वाकून पत्र्याला टेकत नाही ना, हे हात घालून पाहणे आवश्यक आहे.

गाडीच्या पुस्तिकेत टपाच्या भाराची जी मर्यादा दिलेली असते, तीत कॅरिअरचे स्वतःचे वजनही मोजायचे असते. लोखंडी कॅरिअर हलका नसतो, हे बरेच जण विसरतात. वर जावे ते मोठे पण हलके : घडीच्या खुर्च्या, तंबूचे कापड, झोपायच्या पिशव्या, रिकामे कॅन. २० लिटर पाणी म्हणजे २० किलो. ते वर नेण्याचे काहीच कारण नाही. पेट्रोलचा कॅन तर टपावर ठेवूच नये. उन्हात पेट्रोल प्रसरण पावते, वाफ साठते, आणि अपघातात तोच कॅन सगळ्यांच्या डोक्यावर असतो.

उंचीवरचे वजन वळणावर गाडीला झुकवते. ही गाडी मुळातच उंच, सुमारे १.९५ मीटर, आणि सपाट बाजूंची. आडवा वारा तिला लेनमधून सरकवतो. टपावरच्या गाठोड्याने वाऱ्याला आणखी भिंत मिळते. वेग ताशी ८० वरून १०० किलोमीटरवर गेला की हवेचा विरोध दीडपटीहून अधिक होतो, आणि १६०० सीसीच्या इंजिनाकडे जेमतेम ५० अश्वशक्ती असते. सामान म्हणूनच बुटके, पुढून निमुळते रचावे. ताडपत्रीची पुढची कड सामानाखाली दुमडून घ्यावी. मोकळी राहिली तर ती वाऱ्याने फाटते. सामान बांधायच्या सपाट पट्ट्याला एक पीळ दिला की त्याची गुणगुण थांबते. ताणाचे रबरी दोर वरचे कापड धरण्यापुरतेच वापरावेत. सामानासकटची उंची चालकासमोर चिठ्ठीवर लिहून ठेवावी. इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्या फेरीचे तिकीट काढताना ती विचारतात, आणि वाहनतळांवरचे आडवे दांडे तर कोणाला विचारतच नाहीत.

उघडता टप असलेल्या गाड्यांचा प्रश्न निराळा. इंग्लंडमधल्या फोकस्टनच्या डॉर्मोबाइल टपाची बिजागरी बाजूला असते, त्यामुळे पूर्ण लांबीचा कॅरिअर तिथे बसत नाही. अशा गाडीत आतले कप्पेच नीट वापरावे लागतात.

आतला नियम सोपा आहे : जड ते खाली आणि दोन आसांच्या मध्ये. इंजिन मागच्या आसाच्याही मागे असल्याने गाडीचा मागचा भाग आधीच भारी असतो. अवजारे, डबाबंद अन्न, पाणी हे मधल्या आसनाखालच्या पेटीत जावे. मागच्या बिछान्याखाली, इंजिनावरच्या फळीवर, कपडे आणि पांघरुणे पुरेत. तिथे उष्णता पोहोचते. गॅसची टाकी तिथे कधीच ठेवू नये. ब्यूटेन आणि प्रोपेन हवेपेक्षा जड असतात, म्हणून त्यांच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारे भोक हवे, आणि कप्पा गाडीच्या आतल्या बाजूने बंद हवा. उघड्या फळ्यांना पुढे बोटभर उंच पट्टी लावली की ब्रेक दाबल्यावर भांडी खाली येत नाहीत.

मागच्या बाजूच्या हवेच्या झरोक्यांवर काहीही येऊ देऊ नये. हे इंजिन हवेनेच थंड होते. त्यांच्यावर लोंबणारी ताडपत्री त्याचा श्वास कोंडते. मागे सायकल लावायची असेल, तर इंजिनाचे झाकण उघडता आले पाहिजे, कारण तेल रोज पाहावे लागते.

हंगाम संपला की कॅरिअर उतरवावा. तो वर्षभर वर राहिला, तर त्याच्या पायांखाली माती आणि पाणी साचते. पन्हळ धुऊन, कोरडी करून, उघडा पडलेला पत्रा रंगवून मगच गाडी आत लावावी.