पक्षाघाताचे प्रकारनिदान व रक्तपरीक्षा

खडकीच्या दारूगोळा कारखान्यातील एखाद्या कामगाराचा उजवा हात कामावर असताना अकस्मात लुळा पडला व वाचा अडखळू लागली, तर त्यास अर्धांगाचा झटका आला हे सोबत्यांच्याही ध्यानात येईल. परंतु एवढे निदान उपचारास पुरेसे नाही. मेंदूची रोहिणी गुठळीने बंद झाली, की ती फुटून मेंदूत रक्त साचले, हे बाह्य लक्षणांवरून खात्रीने सांगता येत नाही. गुठळी विरघळविणारे औषध साडेचार तासांच्या आत दिल्यास पहिल्या प्रकारात अपंगत्व टळू शकते. दुसऱ्या प्रकारात तेच प्राणघातक ठरू शकते. म्हणून निर्णय सीटी छेदचित्रावर सोपवावा लागतो. शहरात ते यंत्र जवळ असते. मावळातील एखाद्या डोंगरवाडीवरून तेथवर पोहोचण्यातच मोलाचा वेळ खर्ची पडतो. हा भेद रक्तपरीक्षेने आधीच कळेल काय, या प्रश्नाचे महत्त्व यातच आहे.

या दृष्टीने 'ग्लायल फिब्रिलरी ॲसिडिक प्रोटीन' अथवा जीएफएपी या प्रथिनाचा विशेष अभ्यास झाला आहे. हे मुख्यतः मेंदूतील ताराकृती आधारपेशींमध्ये असते. निरोगी माणसाच्या रक्तात ते अत्यल्प आढळते. रक्तस्रावाच्या आघाताने या पेशी तत्काळ फुटतात व प्रथिन रक्तात उतरते. रक्तपुरवठा खंडित झाल्यास मात्र पेशींचा नाश सावकाश होतो. म्हणून पहिल्या काही तासांत त्याचे प्रमाण फारसे वाढत नाही. परीक्षेचा आधार हा कालभेदच होय.

जर्मनी व स्वित्झर्लंडमधील २०५ रुग्णांच्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लिटरमागे ०.२९ मायक्रोग्रॅम ही मर्यादा धरता रक्तस्रावाचे ८४.२ टक्के रुग्ण ओळखता आले. रक्तस्राव नसलेल्यांपैकी ९६.३ टक्के योग्य रीतीने वगळले गेले. हे आकडे मुंबईच्या २००५-०६ मधील पाहणीस लावून पाहावेत. तीत प्रथमच पक्षाघात झालेल्या ४५६ रुग्णांपैकी ३६६ अवरोधाचे व ८१ रक्तस्रावाचे होते. अशा ८१ रुग्णांपैकी सुमारे ६८ ओळखले जातील, १३ निसटतील. उलट ३६६ पैकी सुमारे १४ जणांवर रक्तस्रावाचा चुकीचा शिक्का बसेल. म्हणजे ज्या ३६५ जणांची परीक्षा नकारार्थी येईल, त्यांतील दर २८ मध्ये एकाच्या मेंदूत रक्तस्राव असेल. केवळ या परीक्षेच्या भरवशावर गुठळी विरघळविणारे औषध देणे म्हणूनच समर्थनीय नाही.

तथापि होकारार्थी उत्तराचे मोल निराळे आहे. चीनमधील, २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २,४०४ रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांचा रक्तदाब रुग्णवाहिकेतच उतरविण्यात आला. एकंदर फलात फरक दिसला नाही. परंतु प्रकारवार पाहता रक्तस्रावाच्या रुग्णांचे हित व अवरोधाच्या रुग्णांचे अहित झाल्याचे आढळले. प्रकार आधी कळला असता, तर हा उपचार योग्य रुग्णांपुरता राखता आला असता. रुग्णास मेंदूवरील शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात थेट न्यावे काय, हेही त्यावरून ठरविता येईल.

अर्थात लहान रक्तस्रावात प्रथिन फारसे वाढत नाही. डोक्यास मार लागल्यास अथवा मेंदूत विशिष्ट अर्बुद असल्यास ते पक्षाघाताविनाही वाढते. सारांश, ही परीक्षा छेदचित्राची जागा घेणारी नसून, त्यापूर्वीचा वेळ सत्कारणी लावणारी आहे. तिचे मूल्यमापनही याच कसोटीवर व्हावयास हवे.