भात, भाकर आणि मांडवीतली कोळंबी

हा एपिसोड भद्रावतीतून रेकॉर्ड केलाय. मधेच हॉर्न ऐकू आला तर तो कोळशाच्या ट्रकचा, सांभाळून घ्या. इथून समुद्र शेकडो किलोमीटर लांब, पण विषय समुद्राचाच आहे. कोण काय खातं, हे खाताना न बघता कसं ओळखायचं?

आधी आपलं ताट बघू. कार्बनचे दोन टिकाऊ प्रकार आहेत, किरणोत्सर्गाची भानगड नाही. हलका कार्बन-१२ जवळपास ९९ टक्के, थोडा जड कार्बन-१३ जेमतेम १.१ टक्के. झाडं हवेतून कार्बन घेताना हलका जास्त उचलतात. किती जास्त, ते झाडागणिक बदलतं. ठरलेल्या एका नमुन्याच्या तुलनेत जड कार्बनचं प्रमाण हजारामागे किती कमी, असा आकडा काढतात. धानाचा साधारण उणे २७, ज्वारीचा उणे १२. म्हणजे वर्षानुवर्षं भात खाणारा आणि भाकर खाणारा, दोघांच्या केसांतूनच कळतो!

आता गोव्यात चला, मांडवी-झुआरीच्या खाडीत. काठावरच्या खारफुटीची पानं उणे २८ च्या आसपास. समुद्राच्या पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ उणे २१ च्या आसपास. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने या नद्यांमधला कार्बन कुठून येतो, हे याच पद्धतीने तपासलंय. कोळंबीचं मांस सुकवून, भुकटी करून यंत्रात घातलं की तिच्या जेवणाचा मूळ पत्ता लागतो. कारण खाणाऱ्यात हा आकडा फार बदलत नाही, एका पायरीला एकाच्या आत-बाहेर. १९७८ साली डीनिरो आणि एपस्टाइन यांनी प्रयोगशाळेत प्राण्यांना मोजून खाऊ घालून हे दाखवलं.

पण आकडा उणे २४ आला तर? दोन्ही थोडं थोडं खाल्लं, की नदीतून आलेलं तिसरंच काही? एकट्या कार्बनवर भरवसा ठेवू नका. म्हणून सोबत नायट्रोजनही मोजतात. तो दर पायरीला तीन-साडेतीनने वाढतो, त्यामुळे कोण कोणाला खातं तेही कळतं.

आता आमच्या ट्रककडे या. माजरीकडचा कोळसा म्हणजे २५ कोटी वर्षांहून जुनी झाडं, म्हणजे हलका कार्बन. चंद्रपूरचं २९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र असो की जगातलं कुठलंही, कोळसा जाळला की तो हलका कार्बन हवेत जातो. कारखानदारीच्या आधी हवेचा आकडा उणे साडेसहाच्या आसपास होता, आज उणे साडेआठच्या आसपास आहे. याला स्यूस परिणाम म्हणतात. हवेतून हे समुद्रात उतरतं, शेवाळात जातं, तिथून माशात. सगळीकडे सारखं नाही, खोल पाण्यात कमी.

आमच्या भाषेत सांगायचं तर मोजपट्टीचा शून्यच सरकतोय. संग्रहालयातला १९५० चा मासा आणि आजचा मासा यांचे आकडे वेगळे आले, तर माशाने जेवण बदललं असं लगेच म्हणता येत नाही. आधी त्यातून कोळशाचा वाटा वजा करावा लागतो.