कांद्याचा कोंब आणि कोबाल्टचा अणू

पावसाळा सरत आला की सावेडीच्या भाजीबाजारात गिऱ्हाईक कांद्याचं डोकं आधी दाबून बघतं. हिरवं टोक दिसलं की कांदा बाजूला. एप्रिल-मेमध्ये चाळीत भरलेला उन्हाळी माल एव्हाना कोंब धरू लागलेला असतो. त्यावरचा एक उपाय शेजारच्या नाशिक जिल्ह्यात आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने लासलगावला उभारलेल्या ‘कृषक’ केंद्रात 2002 पासून शेतमालावर कोबाल्ट-60चे गॅमा किरण सोडतात. किरण म्हटलं की अनेकांच्या पोटात गोळा येतो.

हे किरण येतात कुठून? अणूच्या मधोमध केंद्रक, त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन, भोवती इलेक्ट्रॉन. प्रोटॉन 27 असले की तो कोबाल्ट. खाणीतल्या कोबाल्टमध्ये न्यूट्रॉन 32 असतात आणि ते केंद्रक स्वस्थ असतं. अणुभट्टीत त्यात आणखी एक न्यूट्रॉन शिरला की कोबाल्ट-60 तयार होतो आणि केंद्रकाचं बस्तान बिघडतं. पुढे कधीतरी एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, एक इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो (हाच बीटा कण) आणि कोबाल्टचं निकेल होतं. उरलेली ऊर्जा दोन गॅमा किरणांतून निघते. कोबाल्ट धातूच्या नळीत बंद असतो, बीटा कण त्या नळीतच अडकतात. गॅमा अडवायला मात्र काँक्रीटच्या जाड भिंती लागतात. सव्वापाच वर्षांत नळीचा जोर निम्मा होतो.

कांद्याला साधारण 60 ते 90 ग्रे (ग्रे म्हणजे शोषलेल्या किरण-ऊर्जेचं एकक) मात्रा पुरते. एवढ्याने त्याचं तापमान अंशाच्या एक-दोन शतांशानेच वाढेल. पण माणसाचा जीव घ्यायला चार-पाच ग्रे पुरेत! कारण घाव उष्णतेचा नाही, पेशीतल्या डीएनएवरचा आहे. कांद्याच्या गाभ्यातल्या वाढत्या पेशी विभागायच्या थांबतात आणि कोंब येत नाही. असा कांदा काही महिन्यांनी उभा चिरला तर मधला गाभा कधीकधी तपकिरी दिसतो.

मग कांदा किरणोत्सारी होतो का? नाही. हे गॅमा किरण इलेक्ट्रॉन उडवतात, केंद्रक बदलण्याइतका जोर त्यांच्यात नसतो. एक्स-रे काढून आलेला माणूस घरी किरण घेऊन येत नाही, तसंच हे. किंबहुना प्रत्येक कांद्यात, लासलगाव न पाहिलेल्याही, किरणोत्सारी पोटॅशियम-40 मुळातच किंचित असतं.

मात्र हे काम काढणीनंतर, कांदा सुप्तावस्थेत असतानाच व्हायला हवं. कोंब फुटल्यावर उपयोग नाही. शिवाय एवढ्या मात्रेने बुरशीची सड थांबत नाही. पावसात भिजलेला, नीट न सुकवलेला माल तिथे नेणं म्हणजे गाडीभाडं वाया घालवणं.