ट्रक ड्रायव्हिंग स्कूल काढायचे तर...

साध्या मोटार ड्रायव्हिंग स्कूलसाठी केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 24 लागू होतो. आरटीओकडे नमुना 12 मध्ये अर्ज करायचा. परवाना पाच वर्षांचा. स्वतःची किंवा भाड्याची जागा, वर्ग, पार्किंग आणि शिक्षकालाही गाडी थांबवता येईल अशी दुहेरी नियंत्रणाची सोय असलेले वाहन लागते. शिक्षक किमान दहावी पास हवा, गाडी चालवण्याचा पाच वर्षांचा अनुभव हवा आणि मोटार मेकॅनिकचे शिक्षणही हवे. असा माणूस मिळवणे हेच सर्वांत कठीण काम, आणि पगारात काटकसर करू नये ती इथेच.

जुलै 2021 पासून दुसरा, मोठा मार्ग खुला झाला: मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्र. जड वाहनांसाठी दोन एकर जागा, सिम्युलेटर, चाचणी ट्रॅक आणि सहा आठवड्यांत 38 तासांचा अभ्यासक्रम. इथून उत्तीर्ण झालेल्याला आरटीओची वाहन चाचणी द्यावी लागत नाही.

साध्या स्कूलमध्ये व्यावसायिक वाहनासाठी किमान 30 दिवसांचे प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष 15 तास ड्रायव्हिंग बंधनकारक आहे. भरलेला ट्रक कसारा घाटातून खालच्या गिअरमध्ये, ब्रेक तापू न देता उतरवायला शिकण्यासाठी हे तास अपुरेच. जास्तीचे तास स्वतःहून द्यावेत.

प्रवेश देताना दोन गोष्टी तपासा: उमेदवाराचे वय 20 पूर्ण आहे ना आणि हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जुना आहे ना.